‘शासनमान्य ठेकेदार’ म्हणजे नेमकं काय? घराचं गुत्तं देण्याआधी कोणता कागद बघायचा

दिवाळी झाली, रब्बीची पेरणी उरकली की आपल्याकडं घराच्या कामांना जोर येतो. अक्षय तृतीयेपर्यंत, फार तर मृगाच्या आधी स्लॅब पडला पाहिजे, असा प्रत्येकाचा हिशोब असतो. त्यात सध्या घरकुलांची संख्या मोठी आहे. २२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात झालेल्या कार्यक्रमात प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं आणि १० लाख लाभार्थ्यांना पहिला हप्ता देण्यात आला. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम, परंडा भागात ज्यांच्या भिंती खचल्या, त्यांनाही घर नव्यानं उभं करायचंय. म्हणजे कामं भरपूर आणि मिस्त्री कमी.

अशा वेळी गावागावात नवे बोर्ड दिसायला लागतात. ‘शासनमान्य ठेकेदार’, ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर’, ‘लायसन्सधारक’. व्हिजिटिंग कार्डावर नंबर छापलेला असतो. गाडीच्या काचेवर स्टिकर असतं. आपण विचारतो, “लायसन्स हाय का?” समोरून उत्तर येतं, “हाय की, पीडब्ल्यूडीचं हाय.” तिथंच आपलं समाधान होतं आणि बयाणा खिशातून बाहेर निघतो.

पण हे पीडब्ल्यूडीचं लायसन्स तुमच्या घराबद्दल काय सांगतं? खरं सांगायचं तर जवळजवळ काहीच नाही.

घर बांधणाऱ्याला परवाना लागतो का?

मोबाईलवर व्हिडिओ येतात की घर बांधण्याआधी कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स तपासा. सल्ला चांगला आहे. पण तो जिथून येतो तिथली व्यवस्था वेगळी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियासारख्या राज्यात घर बांधणाऱ्याला राज्याच्या मंडळाचा परवाना घ्यावा लागतो, आणि नंबर टाकला की तो चालू आहे की बंद, हे कुणालाही दिसतं.

आपल्याकडं तसं नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यात स्वतःच्या जागेवर स्वतःला राहायला घर बांधायचं असेल, तर ते काम घेणाऱ्या मिस्त्रीला किंवा गुत्तेदाराला ‘घर बांधता येतं’ असा परवाना देणारं सरकारी मंडळच नाही. कुणीही उद्या सकाळी थापी घेऊन मिस्त्री होऊ शकतो, आणि परवा बोर्ड लावून गुत्तेदार होऊ शकतो. कायदा त्याला अडवत नाही.

त्यामुळं “लायसन्स हाय का” हा प्रश्न अर्धाच राहतो. पुढं विचारलं पाहिजे, “कशाचं लायसन्स? कुणी दिलं? कशासाठी दिलं?” एवढे तीन प्रश्न विचारले तरी बरंच काही उघडं पडतं.

दाखवले जाणारे कागद आणि त्यांचा खरा अर्थ

पहिला कागद सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नोंदणीचा. ही नोंदणी सरकारी कामांचं टेंडर भरण्यासाठी असते. त्यात वर्ग असतात, आणि कोणत्या वर्गाच्या माणसानं किती रकमेपर्यंतचं काम घ्यायचं हे ठरलेलं असतं. ती बघते ती प्रामुख्यानं आर्थिक ऐपत, आधीची कामं, शिक्षण. रस्त्याची खडी पसरणारा, नालीचं काम करणारा, शाळेची दुरुस्ती करणारा असे सगळे त्या नोंदणीत बसतात. घराचा स्लॅब चांगला टाकतो म्हणून कुणाला ती मिळत नाही. शिवाय नोंदणीला मुदत असते आणि ती संपलेली असली तरी बोर्ड तसाच राहतो. कागद दाखवला तर आधी मुदतीची तारीख बघा. मग बघा नाव कुणाचं आहे. नोंदणी मेहुण्याच्या नावावर आणि काम बघणारा भाऊजी, असंही असतं.

दुसरा कागद उद्यम प्रमाणपत्राचा. वर तिरंगा रंग, खाली क्यूआर कोड, फ्रेम करून लावलं की भारदस्त दिसतं. पण हे प्रमाणपत्र आधार नंबरावरून, स्वतः भरलेल्या माहितीवर, घरबसल्या फुकट मिळतं. तुमचा पिठाच्या गिरणीवाला ते काढू शकतो आणि शेळ्या पाळणाराही काढू शकतो. कर्ज आणि सरकारी सवलतींसाठी ते कामाचं. त्यावरून कारागिरी कळत नाही.

तिसरा कागद गुमास्ता. दुकान-आस्थापनेची ती नोंद. ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्यानुसार नुसती सूचना दिली तरी चालते. तिच्यावरूनही बांधकामाचं काही कळत नाही.

चौथं म्हणजे बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची ही नोंदणी मजुराच्या हिताची आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या माणसाला ती मिळते. पण मंडळाकडून भांड्यांचा संच मिळायला लागल्यापासून कार्ड कुणाकुणाकडं आहे, हे गावात वेगळं सांगायला नको. कार्ड आहे म्हणजे गवंडी आहे, असं धरून चालू नका. हे कार्ड बघायचं ते मात्र दुसऱ्या कारणासाठी. ते कारण पुढं येईल.

पाचवं, मजूर पुरवण्याचा परवाना. तो ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी मजूर लावणाऱ्यांसाठी असतो. आपल्या घरावर सहा-सात माणसं असतात. त्याचा आपल्याशी संबंध येत नाही.

सहावं नाव हल्ली फार ऐकू येतं, महारेरा. हा कायदा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या, विकायला काढलेल्या प्रकल्पांसाठी. तालुक्याच्या गावाला रो-हाऊस किंवा फ्लॅट घेणार असाल तर महारेरा नंबर नक्की तपासा, संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव टाकलं की सापडतो. पण स्वतःच्या गावठाणातल्या जागेवर घर बांधताना गुत्तेदार महारेराचं नाव घेत असेल, तर तो फेकतोय असं समजा.

मग खरं लायसन्स असतं तरी कशाला?

काही बाबतीत मात्र खरोखरचा परवाना आहे आणि तो तपासता येतो. गंमत म्हणजे नेमका तोच कुणी विचारत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीज. घरातलं वायरिंग राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, त्यावर पात्रता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख पाहिजे आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडं वायरमनचा परवाना पाहिजे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांचा नियम आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलायला परवाना लागत नाही. नवीन घराच्या वायरिंगला लागतो. त्या परवान्यावर नंबर असतो, नाव असतं, मुदत असते. शंका आली तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात नंबर सांगून विचारता येतं.

होतं काय, की वायरिंग एक करतो आणि महावितरणला नवीन मीटरसाठी द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची आणली जाते. सही करणाऱ्यानं घर बघितलेलंही नसतं. मीटर बसतं, सगळे खूश. मग पावसाळ्यात भिंतीला ओल येते, अर्थिंग नावालाच असतं, आणि पत्र्याच्या शेडला हात लावला की झटका बसतो. कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरून माणसं गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. म्हणून सही करणाऱ्यालाच घरी बोलवा. अर्थिंगचा खड्डा तुमच्या डोळ्यांदेखत भरून घ्या. करंट गळाला की आपोआप बंद करणारा आरसीसीबी मुख्य बोर्डात बसवून घ्या. सगळ्या घराच्या खर्चात त्याची किंमत किरकोळ आहे.

दुसरा खरा परवाना आहे तो मालाचा. घर बांधणाऱ्याला परवाना नसला तरी सिमेंट आणि सळई बनवणाऱ्या कारखान्याला आहे. दोन्हीवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्या मार्कासोबत ‘सीएम/एल’ अशा अक्षरांनी सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. सिमेंटच्या गोणीवर तो छापलेला असतो, सळईच्या बंडलाला लावलेल्या टॅगवर असतो. प्ले स्टोअरवरून ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप घ्या, त्यात तो नंबर टाका. कारखान्याचं नाव, माल कोणता आणि परवाना चालू आहे की रद्द, हे समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे. गोणीवर सिमेंट तयार झाल्याचा आठवडा किंवा महिना आणि वर्षही असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी स्लॅबला वापरू देऊ नका.

तिसरं जीएसटी. हा परवाना म्हणजे कर भरायची नोंदणी. कारागिरीचा तो दाखला नव्हे. पण माणूस खरा की खोटा हे ओळखायला तो फार उपयोगी. जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’ मध्ये नंबर टाकला की लॉगिन न करता नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. नंबर १५ अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं होते. कार्डावर “वीस वर्षांचा अनुभव” आणि नोंदणी मागच्या वर्षीची, असं दिसलं तर त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळं नंबर नाही म्हणून चांगल्या मिस्त्रीला नाकारू नका. आणि नुसत्या मजुरीवर एका स्वतंत्र घराचं नवं बांधकाम असेल तर त्या मजुरीवर जीएसटी लागतच नाही. माल तुमचा, मजुरी त्याची, आणि तरीही कुणी १८ टक्के जीएसटी लावून बिल देत असेल, तर तो तुमच्याकडून नको ते पैसे घेतोय. मालासकट गुत्तं असेल तेव्हा मात्र नोंदणीकृत ठेकेदार कर लावू शकतो. तेव्हा पक्कं बिल मागा आणि रद्द झालेल्या नंबरवर कर देऊ नका.

घरकुलात गुत्तेदार कुणी लादू शकत नाही

घरकुलाच्या लाभार्थ्यांनी हे नीट वाचावं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं किंवा स्वतःच्या देखरेखीत बांधून घ्यायचं. सरकारनं त्यासाठी ठेकेदार नेमायचा नाही. मिस्त्री कोण लावायचा हा तुमचा अधिकार.

तरी गावात कुणीतरी म्हणतं, “अमक्याला सगळी घरकुलं द्या, म्हणजे हप्ता लवकर निघतो.” हप्ता निघतो तो काम कुठवर आलं त्यावर आणि जागेवर काढलेल्या जिओ-टॅग फोटोवर. पैसा थेट तुमच्या खात्यात येतो. खात्याचं पासबुक, एटीएम कार्ड किंवा सही केलेली पैसे काढायची स्लिप कुणाच्याही हाती देऊ नका. १ लाख २० हजारांत २५ चौरस मीटरचं घर बसवताना आधीच ओढाताण असते. त्यात रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि ५ ब्रासपर्यंत मोफत वाळू मिळते. ती आपल्या नावावर उचलून दुसरीकडं जात नाही ना, हेही बघा.

आणि एक बघा. सरकार १ लाख २० हजार देताना जोत्याचा फोटो मागतं, छताचा फोटो मागतं, मगच पुढचा हप्ता सोडतं. आपण मात्र सहा-सात लाखांचं घर बांधताना निम्मी रक्कम पहिल्याच महिन्यात गुत्तेदाराच्या हातात देतो. का तर “नात्यातला हाय”, “नड हाय म्हणला”.

परवाना नाही, मग माणूस ओळखायचा कसा?

त्यानं केलेलं काम बघून. आणि नुसतं नवं काम बघून उपयोग नाही. रंग दिलेलं नवं घर सगळ्यांचंच चांगलं दिसतं. तीन-चार पावसाळे खाल्लेलं घर बघा. गुत्तेदाराकडून तीन घरांची नावं घ्या, आणि एक घर तुम्ही स्वतः शोधून काढा, जे त्यानं सांगितलेलं नाही.

तिथं गेल्यावर घरमालकिणीला विचारा. स्लॅबला ओल कुठं येते, संडासाचं पाणी कुठं तुंबतं, दार कुठं घासतं, हे तिला जास्त माहीत असतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे तांबडे डाग आहेत का बघा. असतील तर सळईखाली पुरेसं सिमेंट राहिलेलं नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्यात का बघा. मग शेवटी एकच विचारा, “ठरल्या पैशात काम झालं का?” या उत्तरातून खूप काही कळतं.

गुत्तेदाराशी बोलताना कामाचे दोन-तीन प्रश्न विचारा. स्लॅबला माल कोणत्या प्रमाणात? लोखंडी कामाच्या काँक्रीटला किमान एम-२० दर्जा लागतो, म्हणजे सर्वसाधारण १ भाग सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. किती दिवस पाणी मारणार? कमीत कमी ७ दिवस, आणि आपल्याकडं सर्रास मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटला १० दिवस तरी. सेंट्रिंग कधी काढणार? साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधी नाही, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांआधी नाही, आणि बीमखालचे टेकू किमान १४ दिवस. “चार दिवसांत काढून दुसरीकडं न्यायचंय” म्हणणारा स्वतःच्या भाड्याचा विचार करतोय. तुमच्या स्लॅबचं काय होईल ते त्याच्या डोक्यात नाही.

कॉलम, फुटिंग, सळईचा नकाशा मात्र मिस्त्रीवर सोडू नका. तालुक्याच्या सिव्हिल इंजिनिअरकडून एकदा काढून घ्या. कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवत असेल तर त्याचं नाव वास्तुकला परिषदेच्या यादीत पाहिजे. तिथं नाव नसताना आर्किटेक्ट ही पदवी लावायला १९७२ च्या कायद्यानं मनाई आहे. ही यादी ऑनलाइन बघता येते.

मोजमाप आणि पैसा: भांडणं इथंच होतात

फसवणूक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ भांडणांचं मूळ मोजमापात असतं. उदाहरण घेऊ. समजा २० बाय ४० चं घर आहे. जोत्यावर मोजलं तर ८०० चौरस फूट. मजुरी ३०० रुपये फूट ठरली तर २ लाख ४० हजार. पण स्लॅब चारी बाजूंनी दोन फूट बाहेर काढला, तर तो २४ बाय ४४ म्हणजे १,०५६ फूट होतो. गुत्तेदार म्हणतो, “आमचा रेट स्लॅबवर असतो.” झाले ३ लाख १६ हजार ८००. एका वाक्यात ७६ हजार ८०० रुपयांचा फरक. यात कुणी खोटं बोललं असंही म्हणता येत नाही. ठरवताना बोललंच गेलं नव्हतं.

म्हणून करारनामा लिहा. नात्यातला असला तरी लिहा, उलट नात्यातला असला तर आधी लिहा. १०० रुपयांचा स्टॅम्प आता चालत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान मुद्रांक ५०० रुपयांचा झालाय. कामाची रक्कम मोठी असेल तर मुद्रांक किती लागतो ते आधी विचारून घ्या. करारात हे मुद्दे यावेत:

– दोघांची नावं, पत्ते, आधारवरची ओळख, दोन साक्षीदार.
– काम मजुरीवर की मालासकट. मालासकट असेल तर सिमेंट, सळई, वीट, फरशी, वायर यांचं नाव आणि दर्जा.
– मोजमाप जोत्यावर की स्लॅबवर. सज्जा, जिना, कठडा, पाण्याची टाकी, शोषखड्डा यांचा दर वेगळा की त्यातच.
– सेंट्रिंग, मिक्सर, लिफ्टचं भाडं कुणाकडं. पाणी आणि लाईट कुणाची.
– काम कधी सुरू, कधी संपणार, आणि किती दिवस बंद ठेवलं तर दुसरा मिस्त्री लावायची मुभा.
– वाढीव काम लेखी ठरल्याशिवाय त्याचे पैसे नाहीत.
– मजुराला अपघात झाला तर जबाबदारी कुणाची.

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. पडवीवरून मजूर पडला, तर गुत्तेदार फोन बंद करतो आणि त्याचं कुटुंब तुमच्या दारात येतं. इथं कामगार मंडळाचं ते कार्ड उपयोगाला येतं. कामावर येणाऱ्या मजुरांची नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण झालंय का, हे सुरुवातीलाच बघा. नोंदणी जिवंत असेल तर कामावर मृत्यू झाल्यास मंडळाकडून वारसाला ५ लाखांची मदत आहे. नोंदणी संपलेली असेल तर त्या घराच्या हाती काहीच लागत नाही.

आता पैसा. वरच्याच उदाहरणात २ लाख ४० हजारांची मजुरी अशी वाटता येईल: बयाणा १२ हजार. जोतं पूर्ण झाल्यावर ४८ हजार. भिंती लिंटलपर्यंत गेल्यावर ४८ हजार. स्लॅब पडून सेंट्रिंग निघाल्यावर ६० हजार. गिलावा आणि फरशी झाल्यावर ४८ हजार. उरलेले २४ हजार एक पावसाळा गेल्यावर, गळती नाही हे बघून. टक्के इकडंतिकडं करा, पण काम पुढं आणि पैसा मागं हे सोडू नका. मजुरांचा आठवड्याचा बाजार भागवायला उचल द्यावी लागते हे खरं आहे, ती द्या, पण त्याच टप्प्याच्या रकमेतून वळती करा. शक्यतो फोनवरून किंवा चेकनं द्या. रोख दिली तर वहीत तारीख, रक्कम आणि सही.

तरीही काम अर्धवट सोडलं तर?

पोलीस ठाण्यात गेलात तर बहुतेक वेळा “ही दिवाणी बाब आहे” असं उत्तर मिळतं. ते सगळंच चूक नसतं. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, लागायला सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसावा लागतो. खोटा परवाना, खोटा जीएसटी नंबर दाखवून पैसे घेतले असतील तर तो हेतू दाखवता येतो. म्हणून कार्डाचा, बोर्डाचा, दाखवलेल्या कागदाचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच घरबांधणी आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ऑनलाइनही करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. “करतो, करतो” म्हणत त्यानं दोन वर्षं घालवली तर अडचण होते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून माहिती घ्या. तिथं करारनामा, पैसे दिल्याची नोंद, तारखेचे फोटो आणि झालेल्या कामाचा इंजिनिअरचा अहवाल एवढं लागतं. तोंडी व्यवहार असेल तर आयोगापुढं दाखवणार काय?

यात सरकारनं काय करायचं

सगळा भार घरमालकावर टाकून चालणार नाही. ज्या जिल्ह्यानं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट बघितली, त्या जिल्ह्यात तर नाहीच. सास्तूर असो की शेजारच्या औसा तालुक्यातलं किल्लारी, माणसं गेली ती जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसली. तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलं की दगड धोक्याचा आणि स्लॅब मजबूत. पण कॉलम आणि बीमच्या जोडात सळई नीट बांधलेली नसेल, काँक्रीटला पाणी मिळालेलं नसेल, तर तो स्लॅब माळवदापेक्षा हलका नसतो. त्याखालीही माणसंच झोपतात.

परवान्याची नवी व्यवस्था उभी राहायला वेळ लागेल, आणि उभी राहिली तरी चांगल्या पण कमी शिकलेल्या गवंड्याला कागदापायी कामाला मुकावं लागू नये. पण हातात असलेलं तरी करा. घरकुल योजनेतच ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. ४५ दिवसांचं, प्रत्यक्ष घरावर काम करत दिलं जाणारं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. ते घेतलेल्या गवंड्यांची माहिती प्रशासनाकडं असते. ती यादी गाव आणि नावासह प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागू नये? तालुक्यातल्या परवानाधारक विद्युत ठेकेदारांची यादी, मुदतीच्या तारखेसह, महावितरणच्या उपविभाग कार्यालयाबाहेर का लागू नये? पंचायत समितीकडं घरकुलांसाठी अभियंते आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांनी घरकुलाबाहेरच्या लोकांचाही नकाशा बघून दिला तर कितीतरी घरं सुधारतील.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला सांगा. ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर बोर्डावर ‘शासनमान्य’ दिसलं की विचारायचं, कशासाठी मान्य? आणि उत्तर काहीही आलं, तरी बयाणा देण्याआधी त्यानं चार वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात जाऊन स्लॅबकडं मान वर करून एकदा बघायचं.